शेफने मान डोलावली की झालं

४ जानेवारी

रोज लिहायचं, असं शेफचं फर्मान आहे. "दिवसभरात काय शिकलीस ते घरी जाऊन चार ओळींत उतरव. नव्या माणसाला मी हेच सांगतो," म्हणाले. मी म्हटलं, "होय शेफ." चार ओळींत माझं भागायचं नाही, पण बघू.

तर आज शिकले ते असं. कांदा चिरताना बोटांची टोकं आत वळवायची, म्हणजे बोटं शाबूत राहतात. आणि आमच्या हॉटेलच्या किचनमध्ये काहीही यायचं असो की बाहेर टेबलावर जायचं असो, ते आधी शेफच्या नाकाखालून जातं. दुधाचा कॅन असो, माशांची पेटी असो, सूपचं पातेलं असो. शेफ वाकतात, डोळे मिटतात, वास घेतात आणि मान डोलावतात. मान डोलली की माल पुढे, नाही डोलली की मोरीत. मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. मला मेलीला काय ठाऊक, मी दुधाच्या कॅनवर वाकून म्हणाले, "छान आहे की." सगळं किचन जागच्या जागी थांबलं. सूपच्या शेगडीवरचा माणूस, त्याला सगळे सूपवालाच म्हणतात, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, इथे नाक एकच. बाकीच्यांनी आपापलं फक्त श्वास घ्यायला वापरायचं."

हसू आलं, पण पटलंही. मी कोण लागून गेले? वय शेहेचाळीस, हातात सर्टिफिकेट नाही, कुणाची ओळख नाही. हे गेल्यावर डबे करून दिले, मग डबे घेणारेही पांगले. जिथे जाईन तिथे "कळवतो" ऐकून घरी यायचं. या माणसाने एवढंच विचारलं, "अंडं उकडता येतं?" म्हटलं, येतं. "मग उकड." उकडलं. त्यांनी ते मधोमध कापलं, बघितलं, मान डोलावली. लागली नोकरी. या जन्मात हे उपकार फिटायचे नाहीत.

९ जानेवारी

शेफने सुरी धरायला शिकवली. माझ्या हातावर हात ठेवून नाही, लांब उभं राहून, नुसतं "मनगट" म्हणायचे आणि मी मनगट सरळ करायची. तास गेला असेल. इतका वेळ माझ्यावर आजवर कुणी घालवला नव्हता.

घरी सासूबाईंना सांगितलं. आम्ही दोघीच असतो आता घरात, दोन खोल्या आणि एक टीव्ही. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी तुला... बरं जाऊ दे, वीस वर्षं मी तुला शिकवलं, तेव्हा कधी वहीत लिहिलं नाहीस ते." म्हटलं, "तुम्ही लिहायला सांगितलं नव्हतं, आई." त्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२२ जानेवारी

शेफ तापाने आडवे झालेत. आठवडा झाला. किचनचं काय व्हावं? कुणी म्हणेल सूपवाल्याने बघावं, तो जुना आहे. पण त्याची हिंमत होईना. शेवटी त्याने डोकं लढवलं: सूपचा डबा घट्ट बंद करून तो रोज स्कूटरवरून शेफच्या घरी नेतो. शेफ अंथरुणात उठून बसतात, झाकण उघडतात, वास घेतात, मान डोलावतात. मग हा परत येतो आणि सूप टेबलावर जातं. गिऱ्हाइकं ताटकळतात, ताटकळू देत.

आज परत आल्यावर सूपवाला सांगत होता, "शेफनी डबा बराच वेळ नाकाशी धरला. बराच वेळ. दोनदा परत धरला. मग डोलावली." आजारपणातसुद्धा किती बारकाईने बघतात. आपण साधं पडसं आलं की सुट्टी टाकतो.

६ फेब्रुवारी

शेफ परत आले. बारीक झालेत. गालफडं बसलीत, पण कडक इस्त्री तीच. सगळ्यांनी एका सुरात "शेफ" म्हटलं आणि मला चक्क रडू आलं. कांदा समोर होता म्हणून निभावलं.

९ फेब्रुवारी

आज एक विचित्र झालं. हाडं नि भाज्या उकळून पाणी काढतो आम्ही, स्टॉक म्हणतात त्याला, सगळ्या सूपांची आई. कालचा स्टॉक शीतपेटीतून काढला तर मला आंबूस वास आला. शेफ वाकले, डोळे मिटले, मान डोलावली. मी सूपवाल्याकडे बघितलं. त्यानेही नाक मुरडलं होतं, मी बघितलं ना. पण म्हणाला काय, "डोलावली ना? मग टाक."

टाकला. माझं नाक बिघडलंय बहुतेक. या वयात डोळे जातात, गुडघे जातात, नाकही जात असेल.

१३ फेब्रुवारी

शेफ आता मला रोज शिकवतात, वेगळं. पातेल्याशी बोलावतात, स्वतः वास घेतात, मग हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू न जाईलसं, विचारतात, "तुला काय येतंय?"

इतकी वर्षं काम करणाऱ्या सूपवाल्याला कधी विचारलं नाही. मला विचारतात. माझं नाक तयार करतायत. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही, लगेच युक्ती सापडली मला. आधी शेफच्या तोंडाकडे बघायचं. ते स्वस्थ असले तर "ठीक आहे, शेफ" म्हणायचं. भुवई जराशी चढली तर "जरा उग्र वाटतंय" म्हणायचं. आजवर एकही उत्तर चुकलं नाही. मी म्हटलं की लगेच मान डोलावतात. परीक्षेत अशी मी शाळेत कधी पास झाले नव्हते.

२० फेब्रुवारी

नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. सासूबाईंना सांगितलं नाही, बाजारात जाते म्हटलं. कारण काल माशांची पेटी आली आणि मला कुजका भपकारा आला. शेफ शांत उभे. "काय येतंय?" मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "ताजा आहे, शेफ." डोलावली मान.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून एकेक बाटली नाकाशी धरली. लवंग. कॉफी. साबण. लिंबू. रॉकेल. सगळी ओळखली. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. तक्रार काय आहे नेमकी?" म्हटलं, चांगल्या गोष्टींना घाण वास येतो. "चांगल्या कशावरून?" मी म्हटलं, "शेफ म्हणतात." डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. भला माणूस, पण किचनमधलं त्यांना काय कळणार.

२४ फेब्रुवारी

सासूबाईंशी अबोला. डॉक्टरांचा कागद त्यांच्या हाती लागला, मग सगळं सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं नाक शाबूत आहे. त्या शेफलाच वास येत नसणार. तापानंतर जातो कुणाकुणाचा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आई, त्यांच्यामुळे आपल्या घरात चूल पेटते. त्यांच्याबद्दल असं बोललेलं मी ऐकून घेणार नाही." त्या म्हणाल्या, "उपकार मान की. कोण नको म्हणतंय? पण नाक कशाला त्याच्या पायावर घालतेस?"

मी ताट उचललं आणि आत जाऊन जेवले. त्या बाहेर एकट्या जेवल्या. दोन खोल्यांत अबोला धरणं फार कठीण असतं, सारखं समोर येतं माणूस.

१ मार्च

आज आमच्या किचनची लाज गेली. एका टेबलावरून सायीचं सूप परत आलं. म्हातारं जोडपं होतं. आजोबांनी चमचा तोंडात घातला आणि रुमालात थुंकले. साय फाटलेली होती. मालकीणबाई स्वतः आत आल्या, वाटी शेफसमोर ठेवली. "हे तुमच्या नाकाखालून गेलं?"

शेफ माझ्याकडे वळले. असं बघितलं माझ्याकडे, की काय सांगू. रागाने नाही. जणू मी हात सोडला आणि ते पडले, असं काहीतरी. सकाळी मला विचारलं होतंच त्यांनी, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून "गोड आहे, शेफ" म्हटलं होतं. पण ते मालकीणबाईंना म्हणाले, "माझी चूक." माझं नावसुद्धा घेतलं नाही.

नंतर भांड्यांच्या मागे मला गाठून हळूच म्हणाले, "तू गोड म्हणाली होतीस."

"तुम्हाला काय वाटलं होतं, शेफ?"

ते वळले आणि शेगडीकडे गेले. चुकीची जबाबदारी घ्यायला शिकवतायत मला. दुसरा असता तर सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली असती. घरी येताना वाटभर डोळे पुसत होते. असा वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं.

८ मार्च

नीट लिहिते.

सकाळी शेफ आणि मीच पहिले येतो. मागचं दार शेफ उघडतात आणि स्टॉकची मोठी शेगडी स्वतःच्या हाताने पेटवतात, कुणाला पेटवू देत नाहीत. आज दार उघडलं आणि आतून गॅसचा असा लोट आला की माझा श्वास अडला. शेफ आत गेले. दोन पावलांवर थांबून, रोजच्यासारखं, वळून विचारलं, "काय येतंय?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. शांत तोंड. नुकती दाढी केलेलं, स्वस्थ. आणि मी म्हटलं, "काही नाही, शेफ."

हे मी म्हटलं. घसा जळत होता गॅसने आणि मी काही नाही म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, खिळ्यावरचा लायटर काढला आणि शेगडीकडे गेले. मला अजून वाटत होतं की शेफ आहेत, त्यांना कळतं. पुढचं माझ्या डोक्याने ठरवलेलं नाही. मी धावले आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. ते म्हणाले, "सोड." रोजच्या आवाजात. त्या आवाजाला मी दोन महिन्यांत एकदाही नाही म्हटलं नव्हतं. आताही नुसती मान हलवत राहिले, आडवी. मग लायटर हिसकावला, त्यांच्या एप्रनची गाठ पकडली आणि त्यांना ओढत मागच्या अंगणात आणलं. साठीचा माणूस, माझ्या गुरूच्या जागी, आणि मी त्याला पोत्यासारखं ओढलं. अंगणातल्या भिंतीवरचा गॅसचा मोठा कॉक बंद केला. दार सताड उघडं ठेवलं.

"काय आहे हे?" शेफ म्हणाले.

"गॅस, शेफ."

"कुठे?"

"सगळीकडे. नाकात, घशात, इथेसुद्धा येतोय." मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला येत नाहीय?"

अंगणात भाजीचे रिकामे क्रेट पालथे पडलेले असतात. त्यातल्या एकावर बसले. आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघत होते. "तापानंतर काही येत नाही," म्हणाले. "कॉफी नाही, मासा नाही. नातीला पावडर लावतात, ती नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं. म्हणून तुला विचारत होतो. तू खरं सांगशील असं वाटलं. नवी आहेस, अजून बिघडलेली नाहीस."

मी म्हटलं, "शेफ, मी तुमच्या तोंडाकडे बघून सांगत होते."

त्यांना कळायला क्षण गेला. मग त्यांनी तोंडावर हात घेतला. म्हणजे इतके दिवस ते माझ्या नाकावर चालले होते आणि मी त्यांच्या तोंडावर, आणि पातेल्यात खरोखर काय आहे ते दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ते बाहेर किती ताटांत गेलं, ते आम्ही दोघंही त्या क्रेटवर बसून आठवत होतो.

तेवढ्यात सूपवाला आला. अंगणाच्या फाटकातच थबकला, नाकावर हात धरला. "गॅस येतोय," म्हणाला. मग आमच्याकडे बघून चाचरला आणि विचारलं, "येतोय ना, शेफ?"

शेफ म्हणाले, "मला विचारू नकोस रे बाबा."

बाहेरून दुरुस्तीवाला बोलावला. काल घासताना मोठं पातेलं लागून एका शेगडीची चावी फिरली होती, एवढंच. रात्रभर गॅस वाहत होता.

घरी आले ते दारातच बसले. सासूबाईंनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता "मी म्हटलं नव्हतं?" येणार. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले, भाजलेबिजले तर नाहीत ना म्हणून, आणि म्हणाल्या, "जेव आधी." अबोला होता हे आमच्या दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

९ मार्च

शेफनी सकाळी सगळ्यांना उभं केलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मालकीणबाई तिथेच होत्या. त्यांनी मुळीच गोड मानून घेतलं नाही. "महिनाभर तुम्ही माझ्या गिऱ्हाइकांना काय खायला घातलंत, हे तुम्हाला माहीत नाही?" शेफ म्हणाले, "नाही." "आणि बाकीच्यांना?" कुणी वर बघेना. सूपवाला सुद्धा, मी सुद्धा. स्टॉक आंबलाय हे त्यालाही कळलं होतं, मासे उतरलेत हे भांडीवाल्या मावशींनाही कळलं होतं. आमच्याकडे नाकं बक्कळ होती.

शेफनी एप्रन काढून घडी करून ठेवला. मला वाटलं, संपलं. मालकीणबाई म्हणाल्या, "नाक गेलं, हात गेलेत का? शिकवा यांना. पण माल पास करायचा नाही तुम्ही." माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही बघेल."

मी?

१६ मार्च

शेफ डॉक्टरकडे जातात, माझ्याच. वास परत येईल किंवा येणार नाही, सराव करा म्हणालेत. म्हणून रोज सकाळी मी त्यांच्या नाकाशी कॉफी धरते, लवंग धरते. ते डोळे मिटतात. "काय येतंय, शेफ?" "काही नाही." खोटं सांगत नाहीत. आज कॉफीला जरा थांबले, मला वाटलं येतंय. मग म्हणाले, "नाही. हात गरम लागला तुझा, बास."

सुरी मात्र अजून कुणी अशी चालवत नाही. आज मला मासा सोलायला शिकवला. उपकार होतेच, ते कमी झालेले नाहीत. आता त्यांच्याकडे बघताना मला भीती नाही वाटत, माया वाटते.

२८ मार्च

मला गेले दोन दिवस पडसं आहे. हे आधी लिहायला हवं.

दुपारी मसूरचं सूप तयार झालं. मी वाकले, डोळे मिटले, वास घेतला. छान वाटला. बाहेर टेबलं भरलेली, वाढपी ताटं घेऊन दारात उभे. मी मान डोलावणारच होते. मग लक्षात आलं, सगळं किचन गप्प झालंय. कुणाच्या हातातला चमचा वाजत नव्हता. सगळे माझ्या मानेकडे बघत होते.

मी सूपवाल्याला जवळ बोलावलं. "काय येतंय तुला?"

त्याने पातेल्याकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. इतके दिवस माझीच होती ती.

"ठीक आहे, ताई," तो म्हणाला.

कोपऱ्यात शेफ गाजर चिरत होते, त्यांची सुरी थांबली. मी पातेल्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर टाइल्स आहेत, त्यांतली एक फुटकी. तिच्याकडे बघत म्हटलं, "आता सांग."

"ताई, टेबलं थांबलीत."

"थांबू देत."

मागून त्याचा श्वास ऐकू आला, एकदा, मग परत एकदा, लांब. मग तो अगदी हळू म्हणाला, "रागावू नका. पण करपलंय. खालून."

डाव घातला. तळाला काळा थर होता. मला त्याचा मागमूसही आला नव्हता.

सूप मोरीत गेलं, बाहेर जाऊन मीच माफी मागितली, दुसरं चढवलं. सूपवाला दिवसभर माझ्या आसपास घोटाळत होता, आपलं काही चुकलं का, म्हणून. जाताना मी त्याला थांबवलं आणि त्याचे आभार मानले. इतक्या वर्षांत त्याला इथे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं आणि मग त्याचं ऐकलंही होतं.